विश्लेषण : फोटोत अख्खे झाड काजव्यांनी उजळते, मग प्रत्यक्षात तसे का दिसत नाही?

मे संपत आला की काजव्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. ते पाहून शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाचीकडे निघतात. तिथे पोहोचल्यावर मात्र ‘फोटोत होते तसे दिसत नाही’, अशी अनेकांची निराशा होते. मग टॉर्च आणि फ्लॅश सुरू होतात. नुकसान होते ते इथेच.

फोटो खोटे असतात का?

नाही, पण ते एका क्षणाचे नसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर २० ते ३० सेकंद उघडे ठेवले जाते. याला ‘लाँग एक्स्पोजर’ म्हणतात. समजा, एखादा उडता काजवा सेकंदाला एकदा चमकला, तर ३० सेकंदांच्या फोटोत त्याचे एकट्याचेच ३० ठिपके उमटतात. पुढे असे अनेक फोटो सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतात. त्याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. ४० फोटो रचले तर २० मिनिटांचा प्रकाश एकाच चित्रात गोळा होतो. डोळ्यांना एका वेळी त्या क्षणाचीच चमक दिसते.

काजवे चमकतात कशासाठी?

जोडीदार शोधण्यासाठी. त्यांच्या शरीरात ल्युसिफेरिन या द्रव्याची ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन जवळपास उष्णताविरहित प्रकाश तयार होतो. नर ठरावीक लयीत चमकतो आणि अनेक प्रजातींत मादी चमकूनच उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते. जोरदार पाऊस सुरू झाला की हा खेळ आटोपतो.

फ्लॅशने काय बिघडते?

मोठ्या उजेडात ही खूण हरवते. कृत्रिम प्रकाशामुळे काही प्रजातींचे मिलन घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. मिलन झाले नाही तर अंडी नाहीत आणि पुढच्या वर्षी काजवेही कमी. शिवाय माद्या बऱ्याचदा गवतात किंवा खालच्या झुडपांवर असतात, तर अळ्या ओलसर माती-पाचोळ्यात वाढतात. वाट सोडून झाडाजवळ गेल्यास त्या पायाखाली चिरडतात. मोबाइलचा फ्लॅश काही मीटरच पोहोचतो, त्यामुळे फोटोत काजवे येतच नाहीत. येतात ती समोरची पाने.

मग काय करावे?

- गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा स्क्रीन बंद ठेवा. चालताना गरज पडल्यास मंद लाल प्रकाश वापरून तो जमिनीकडेच धरा.
- फोटो हवाच असेल तर फ्लॅश बंद करा, फोन ट्रायपॉडवर ठेवा आणि ‘नाइट मोड’ किंवा ‘प्रो मोड’ वापरा.
- पायवाट सोडू नका, काजवे पकडू नका.
- अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढा वेळ शांत थांबा.

या अर्ध्या तासात फोन खिशातच राहिला, तर आधी न दिसलेले काजवेही दिसू लागतात. मध्येच कुणी टॉर्च लावला, तर डोळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागते.