दुसऱ्याच्या कोडमध्ये पहिले पाऊल

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात शून्यापासून नवनिर्मिती करण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांना रुजू होताच, इतरांनी वर्षानुवर्षे रचलेल्या आणि ज्याचे मूळ कर्ते केव्हाच अन्यत्र निघून गेले आहेत अशा कोडचा ताबा घ्यावा लागतो. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस घ्या. १९८६ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आरंभ झाला आणि आज त्याचा विस्तार दहा लाख ओळींच्याही पलीकडे गेला आहे.

एवढा पसारा पहिल्या फाइलीपासून क्रमाने वाचून काढू म्हणणारा नवागत लवकरच हताश होतो. जाणते प्रोग्रामर एकच वाट धरतात: ‘एक अधिक एक किती’ एवढाच क्षुल्लक सवाल डेटाबेसला टाकायचा आणि डीबगर लावून तो आत कोठे कोठे जातो, ते पावलापावलाने पाहायचे. प्रथम पार्सर त्याचे व्याकरण तपासतो, मग प्लॅनर उत्तराची योजना आखतो आणि अखेरीस एक्झिक्युटर ती अमलात आणतो. बेरीज अर्थातच एक्झिक्युटर करीत असेल, असे आपण गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे स्थिर आहेत हे पाहून प्लॅनरनेच ती उरकलेली असते, आणि एक्झिक्युटरच्या हाती तयार उत्तर पडते. असा एक अंदाज डोळ्यांदेखत चुकला, की त्या रचनेची जी ओळख पटते ती नुसत्या वाचनाने पटत नाही.

परंतु कोड काय करतो हे उमगले, तरी तो तसाच का लिहिला हे उमगतेच असे नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. निरर्थक भासणारी एखादी अट खोडण्यापूर्वी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचे दप्तर उघडावे. तलाठ्याकडील फेरफार नोंदवहीप्रमाणे तेथे कोणती ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कारणास्तव बदलली याचा दाखला मिळतो. पोस्टग्रेसच्या नोंदींत तर दोष कळविणाऱ्याचे आणि दुरुस्ती तपासणाऱ्याचे नावही बहुधा आढळते.

तथापि प्रोग्रामचा सिद्धान्त, म्हणजे तो तसाच का रचला याची समज, कर्त्यांच्या मनात वसतो, कागदपत्रांतून तो पुरता हस्तांतरित होत नाही, असे डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली प्रतिपादिले. मला ते सर्वस्वी मान्य आहे. नव्याला जुन्याच्या शेजारी बसवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यात जुन्याचा वेळ खर्ची पडतो. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो अधिकच रखडतो, या संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांच्या १९७५ मधील निष्कर्षामागे हेही एक कारण होते. प्रकल्पप्रमुखांनी शिकवण्याचे हे तास कामाच्या हिशेबात रीतसर धरावेत, आणि प्रकल्प रखडण्याच्या आधी धरावेत.