नंबरांच्या गल्ल्यांतून पायी

धुळ्यात दुकान कुठे म्हणून विचारलं तर आकडा कानावर येतो: गल्ली नंबर 4, नाहीतर 5. आग्रा रोडच्या आजूबाजूच्या या गल्ल्या एवढ्या सरळ कशा, हे मुंबई-आग्रा महामार्गावरून सुसाट जाणाऱ्याला कळायचं नाही. त्यासाठी गाडी सोडून पाच कंदिलापासून पायीच निघायला हवं. बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना असंच हिंडवतो.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळे निवडलं. गाव तेव्हा लहान होतं, एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाट आणि मधे बागायत. 1819 मध्ये इथे 401 घरं होती आणि माणसं 2,509. ब्रिग्जने कचेऱ्यांना मंजुरी मिळवली, लांबून कारागीर आणले, वस्तीला येणाऱ्यांना घरासाठी बिनभाड्याची जागा दिली, बांधकामाला उचलही दिली. जुन्या धुळ्यातली घरं वेडीवाकडी, दाटीवाटीची. नवी पेठ मात्र ओळीत उभी राहिली. जुन्या धुळ्याच्या बोळातून निघून या नंबरांच्या गल्लीत शिरलं की हा फरक पायांनाच कळतो. आमचं शहर बाहेरून बोलावलेल्या माणसांनी वसवलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पांझरेच्या पाण्याचीही थोरवी आहे. बंधारे घालून पाट काढायचे आणि गावाने मिळून पाणी वाटून घ्यायचं, ही फड पद्धत या खोऱ्यात शतकानुशतकं चालत आली. 1884 मध्ये नोकरीला लागलेल्या तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांचं पहिलं काम याच नदीवरच्या सायफनचं होतं.

फेरीत सर्वांत जास्त वेळ मी राजवाडे संशोधन मंडळासाठी राखतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पेटीतून त्यांनी जमवलेले कागद नसते तर मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा भाग आपल्या हाती लागला असता? समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी बाडंही अशीच जपलेली. एवढं दप्तर जवळ असूनही जळगाव-धुळ्याच्या शाळकरी मुलांना सहलीला थेट अजिंठ्याला नेतात. एक सकाळ तरी या कागदांपाशी काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी तुरुंग. 1932 मध्ये 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी इथल्या कैद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय उलगडला. साने गुरुजी भराभर लिहून घेत होते. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झालं. आत जाता येत नाही, म्हणून ही गोष्ट मी रस्त्यावर उभ्याउभ्याच सांगतो. तोवर पाहुण्यांना भूक लागलेली असते, मग झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. उन्हाळ्यात मात्र सकाळी सातलाच निघा. दहानंतर धुळ्याचं ऊन कुणाला चालू देत नाही.