नास्तिकाची पाटी

ज्याला देव मान्य नाही त्याने तो खुशाल मानू नये. पण ते चौकात पाटी लावून सांगण्याचे कारण काय, असा प्रश्न मला कामगार बंधूंनी अनेकदा विचारला आहे. मी स्वतः देव मानीत नाही. ज्यांच्या बरोबर उभे आयुष्य काढले ते बहुतेक सारे मानतात. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा दोराला हात लावणाऱ्यांत आमच्या युनियनचे सभासदही असतात. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. आस्तिकाची पाटी आपल्या डोळ्यांत भरत नाही, कारण ती सर्वत्र असते. ट्रकच्या कपाळावर देवाचे नाव, दुकानाच्या गल्ल्यावर तसबीर, रस्त्यावर उत्सवाची कमान. हे जाहीर करण्याचे कारण काय, असे कोणी विचारीत नाही, आणि विचारूही नये. प्रश्न निघतो तो उलट बाजूची एखादी ओळ दिसली म्हणजे.

लंडनमध्ये नेमके हेच घडले. २००८ साली एरियान शेरीन या लेखिकेला बसगाडीवर ख्रिस्ती प्रचाराची जाहिरात दिसली. तीत दिलेल्या संकेतस्थळावर अश्रद्धांना नरकाचे भय घातलेले होते. तिने सुचविले की, बसवरूनच उत्तर द्यावे. साडेपाच हजार पौंड जमविण्याचा बेत होता. लोकांनी लाखावर पौंड दिले. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनमधील ८०० बसगाड्यांवर मजकूर झळकला. देव बहुधा नाही, तेव्हा चिंता सोडा आणि आयुष्याचा आनंद घ्या, असा त्याचा आशय होता. तीनशेवर तक्रारी गेल्या. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने निर्णय दिला की, हे जाहिरातदाराचे मत आहे, नियमभंग नाही. त्या मजकुरातला ‘बहुधा’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. त्याने वाचणाऱ्याला विचार करायला जागा ठेवली.

आपल्या देशात असे उघड लेख तमिळनाडूत दिसतात. पेरियार रामस्वामी यांच्या पुतळ्यांखाली देव नाही असे कोरलेले आहे. ते काढून टाकावे म्हणून मागणी झाली. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती फेटाळली. देवाविषयी बोलण्याचा हक्क श्रद्धावानाला असेल, तर असहमत होण्याचा हक्क दुसऱ्यालाही आहे, असा न्यायालयाचा विचार होता. कायद्याची मर्यादा मात्र आहे. १९२७ साली दंडसंहितेत आलेले २९५-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. एखाद्या वर्गाच्या धर्मभावना दुखावण्यासाठी बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हा गुन्हा आहे. निव्वळ नाकारणे हा गुन्हा नव्हे.

महाराष्ट्राची वाट थोडी निराळी आहे. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले आगरकर ईश्वराच्या बाबतीत अज्ञेयवादी होते. त्यांची प्रेतयात्रा विरोधकांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात काढली. पुढे साताऱ्यातच जन्मलेले दोघे, डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर, गावोगाव एका व्यासपीठावर वाद-संवाद करीत. लागू म्हणत, देवाला निवृत्त करण्याची वेळ आली आहे. दाभोलकर सांगत, आमच्या समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. मतभेद झाकलेला नव्हता, आणि श्रोत्यांचे प्रश्नही घेतले जात. पाटी बोलते, पण ऐकत नाही. ही उणीव या दोघांनी भरून काढली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. तेव्हा उघड बोलण्याची किंमत काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मी हा धडा आमच्याच फलकावर शिकलो. एका उत्सवाच्या आदल्या दिवशी एका तरुण सभासदाने युनियनच्या फलकावर भक्तांची टवाळी करणारी ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी बोनसच्या सभेला निम्मी माणसे आली नाहीत. एक वयस्क हमाल मला म्हणाले, “अण्णा, देव न्हाई म्हणा, आमची काय तक्रार न्हाई. पर हितं आम्ही खुळं हाय असं लिवलंय.” ते बरोबर होते. मी ती ओळ पुसली आणि स्वतःच्या नावानिशी लिहिले की, मी देव मानीत नाही. का, ते विचारायला आत यावे. पुढच्या आठवड्यात तिघे-चौघे आले. एकाने विचारले, “पोरगं रात्री तापानं फणफणलं तर तुम्ही कुणाला हाक मारता?” मी म्हटले, डॉक्टरला, आणि तुमच्याइतकाच घाबरतो. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणत नाही. पण बोनसच्या पुढच्या सभेला ते आले.

मग पाटी हवीच कशाला? २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदविणारे साऱ्या देशात सुमारे ३३ हजार निघाले. महाराष्ट्रात साडेनऊ हजारांच्या वर. लहान गावात ज्याच्या मनात शंका येते त्या मुलाला किंवा मुलीला वाटते की, जगात आपण एकटेच असे वाईट. पाटी त्यांना सांगते की, तुम्ही एकटे नाही आणि वाईटही नाही. एवढ्यासाठी ती हवी. मात्र तिच्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे, ती देवाविषयी बोलावी, शेजाऱ्याच्या अकलेविषयी नव्हे, आणि तिच्यामागचे दार उघडे असावे. रथाच्या वाटेत ती आडवी येऊ नये. रथवाल्यांनीही ती फाडू नये. इतके दोन्ही बाजूंनी पाळले, तर गाव दोघांचेही राहील.