काळी एकची गिटार

हेवी रॉकचा ड्रमसेट रेकॉर्ड करायचा म्हटलं की आठ-दहा माइक लावावे लागतात. किकच्या पोटात एक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, प्रत्येक टॉमला एकेक, झांजांवर दोन आणि खोलीचा घुमारा पकडायला लांबवर दोन. हे सगळे माइक उघडले की हेडफोनमध्ये आधी ड्रम येतच नाही. येते ती वळणावरची रिक्षा, शेजारच्या बोअरची मोटर, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. एवढ्या दणदणीत संगीताला शांतता कशाला लागते, असं मला कायम विचारलं जातं. या संगीताचा जीव थांबण्यात आहे. चौघं एकदम वाजवतात आणि एकदम थांबतात. त्या अर्ध्या सेकंदात मागे काहीही ऐकू आलं नाही, तरच पुढचा घाव घाव वाटतो. म्हणून माझ्या अनुभवात भजनी मंडळापेक्षा, निवडणुकीच्या गाण्यांपेक्षा, अगदी लावणीपेक्षाही जास्त शांतता हेवी रॉकला लागते. आणि सातारा-सांगलीसारख्या गावात पैशांआधी शांतताच शोधावी लागते.

मी सांगलीत विश्रामबागेत रेकॉर्डिंगची खोली चालवतो. साताऱ्याचे दोघं आणि सांगलीचे दोघं मिळून झालेला एक बँड माझ्याकडे आला तो मराठी हेवी रॉकचा आपला पहिला अल्बम करायला. पोरांची नावं इथं देत नाही. दोघं नोकरीत आहेत आणि अल्बम बाहेर येईपर्यंत नावं नकोत, असं चौघांनीच सांगितलंय. विषय मात्र सांगतो, कारण त्यावरच मी भाळलो. अख्खा अल्बम कृष्णेवर आहे. नदी जुन्या महाबळेश्वरात उगम पावते, वाईचे घाट बघते, माहुलीला वेण्णा घेते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते, हरिपूरला वारणेला पोटात घेते. गाण्यांचा क्रमही तोच. शेवटचं गाणं 2019 च्या ऑगस्टचं आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट मानतात. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. चौघांपैकी एकाच्या घरात तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत पाणी होतं. ते गाणं कुणी शिकवून होत नाही.

ड्रम माझ्या खोलीत होणार नव्हते. छत बुटकं, त्यामुळे झांजा डोक्यात जातात. बेसवाल्याच्या मामांचं मार्केट यार्डाजवळ हळदीचं गोडाऊन होतं. उंच पत्रा, खाली कोबा, आणि यार्ड बंद असेल त्या दिवशी आसपास चिटपाखरू नाही. पहिल्यांदा टाळी वाजवली तर घुमारा इतका लांबला की स्नेअरचा एक फटका दुसऱ्यावर चढायला लागला. मामांचे दोन हमाल होते. त्यातले जे वयस्कर होते, त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "थप्पी हलवूया का? पोती भिताडाला लावली की आवाज गिळत्यात." मग सुरू झालं. ते थप्पी हलवायचे, मी मधोमध उभा राहून टाळी वाजवायचो. डावीकडची थप्पी दोन हात पुढं, मागची एक पोत्याने खाली. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात जे सूत्रांनी मांडलेलं असतं, ते त्यांनी कानावर केलं, कारण रिकामं आणि भरलेलं गोडाऊन कसं बोलतं हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. पत्र्याचा एक कोपरा किकबरोबर थरथरत होता, त्यावर वाळूची पोती चढवली. संध्याकाळपर्यंत ड्रमरच्या काठ्या, झांजांच्या कडा, स्नेअरचं पान सगळं पिवळं झालं होतं. पानावर काठी कुठं बसते, त्याचे पिवळे ठिपके पडले होते. ते सगळे ठिपके मधल्या रुपयाएवढ्या जागेत होते. पोरगा किती तयारीचा आहे हे मला टेक ऐकायच्या आधी त्या पानावरून कळलं.

हे जुगाड आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. हेवी रॉकचा सगळ्यात गाजलेला आवाज अशाच अडचणीतून आलाय. 1971 च्या डिसेंबरात डीप पर्पल या बँडचे लोक स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला अल्बम करायला गेले होते. जिथं रेकॉर्डिंग करायचं तो कॅसिनोच 4 डिसेंबरला फ्रँक झाप्पाच्या कार्यक्रमात आग लागून खाक झाला. मग त्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेलं एक हॉटेल धरलं, कॉरिडॉरमध्ये गाद्या लावल्या आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे एक ट्रक, उभा केला. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागायचं. म्हणून त्यांनी टेक पुन्हा ऐकणंच जवळपास सोडून दिलं. 1972 मध्ये आलेला 'मशीन हेड' तो हाच. आमच्या पोरांना हा किस्सा मी गोडाऊनातच सांगितला. त्या दिवसापुरता आम्हीही नियम केला की प्रत्येक टेक लगेच ऐकायचा नाही, हात गरम आहे तोवर वाजवायचं. वाईचं गाणं त्यामुळेच सापडलं.

गिटारच्या वेळी वेगळंच दुखणं निघालं. डिस्टॉर्शन चढवलं की मागे सतत 'हूं' असा आवाज. घरातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिची गुणगुण 50 वर, 100 वर, 150 वर अशी चढत जाते, आणि डिस्टॉर्शन बारीकसारीक आवाजही फुगवून दाखवतं. फिल्टर लावून कापावं तर बेसच्या जाड तारा त्याच भागात बोलतात. गुणगुणीबरोबर बेसचाही गळा कापला जातो. केबल बदलल्या, अडॅप्टर काढले, ट्यूबलाइट बंद केली, फ्रीज बंद केला. शेवटी इमारतीची वायरिंग केलेल्या वायरमनला बोलावलं. त्यानं आत पाऊलही टाकलं नाही, सरळ मागच्या बाजूला आर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. उन्हाळ्यानं खड्डा भेगाळला होता. त्यानं नवं मीठ आणि कोळसा घातला, चार बादल्या पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता बघा." गुणगुण पार मेली नाही, पण इतकी खाली गेली की थांबलेल्या जागा काळ्याकुट्ट झाल्या. तेव्हापासून गिटारचं काम असलं की सकाळी खड्ड्यात पाणी घालणं हे माझ्याकडे माइक लावण्याइतकंच नित्याचं झालंय.

आता मिरजेचा किस्सा. तो मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो.

पहिलं गाणं उगमाचं. त्याची सुरुवात तंबोऱ्यानं व्हावी, असं गायकाच्या डोक्यात होतं. कीबोर्डमधला तंबोरा मी साफ नाकारला. सांगलीत राहायचं, दहा किलोमीटरवर मिरज, आणि यंत्रातला तंबोरा घ्यायचा? मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं बनतात. फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखे, हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले कारागीर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे त्यातच रमले. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरच्या भागातून येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि इथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.

सतारमेकर गल्लीत ज्या चाचांकडे गेलो, त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पट्टी कुठली?" गिटारवाला गडबडला. त्यानं सांगितलं, सगळ्या तारा दीड स्वरानं खाली उतरवल्यात, जाड तार सी शार्पला आहे. चाचा म्हणाले, "म्हणजे काळी एक. मग सरळ सांग की. निम्मे बुवा काळी एकलाच गातात."

गिटारच्या तारा अशा उतरवण्यामागे मोठा इतिहास आहे. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पहिला अल्बम बँडनं 1969 च्या ऑक्टोबरात जवळपास एका दिवसात वाजवून काढला आणि तो 1970 च्या 13 फेब्रुवारीला, शुक्रवारी, आला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये काही गाण्यांना त्यानं तारा दीड स्वरानं ढिल्या केल्या. तारा सैल म्हणजे दुखऱ्या बोटांना जोर कमी, आणि आवाज खोल. जगभरच्या हेवी बँडांनी पुढे तोच खोलपणा उचलला. त्या कामगार पोराच्या जखमेतून आलेली पट्टी आणि आपल्या बुवांची पट्टी एकच निघाली. नुसती पट्टीच नाही. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज काळी एकला लावला तर तो सुमारे 69 हर्ट्झवर येतो, आणि उतरवलेल्या गिटारची जाड तारही तिथंच.

चाचांनी घोडीवर हलकीशी कानस फिरवली, तारांखाली सूत सरकवलं, एकेक तार छेडत जवारी उघडली. मग त्यांना गिटार ऐकायची होती. लहानसा अॅम्प बरोबर होताच. गिटारवाल्यानं डिस्टॉर्शन लावून खालची तार एकदाच छेडली आणि वाजत ठेवली. चाचा अॅम्पला कान लावून ती विरेपर्यंत ऐकत राहिले. म्हणाले, "ह्याचीबी जवारी खुललीय की. पण जरा जास्त खुललीय. सूत मागं घे." शास्त्रानंही ते बरोबर आहे. जवारीत तार घोडीच्या उतारावर घासत वरचे स्वर जागे करते. डिस्टॉर्शन तेच काम विजेनं करतं. पोरानं नॉब थोडा मागं घेतला. खर्जात खर्ज मिसळला आणि गिटारमधला कर्कशपणा जाऊन नुसता वजनदार आवाज उरला. अल्बममधल्या सगळ्या गिटार आम्ही नंतर त्याच नॉबवर ठेवल्या. आधीच्या दोन गाण्यांच्या गिटार पुन्हा वाजवून घेतल्या. माझ्या मते या अल्बमचा निर्माता म्हणून पहिलं नाव चाचांचं लागायला हवं, आणि पोरांनी ते तसं लावलंय. अल्बमच्या श्रेयनामावलीत, त्यांच्या परवानगीनं.

गळ्याची गोष्ट थोडक्यात. गायक खर्जात घोगरं, गुरगुरणारं गातो. ते घसा फाडून करायचं नसतं. खऱ्या स्वरतंतूंच्या वरची खोट्या स्वरतंतूंची घडी हवेनं हलवायची असते आणि सगळा जोर पोटातून. दोन-तीन तासांवर मी त्याला गाऊच दिलं नाही. साताऱ्यात त्याच्या घरी भिंतींना वाकळा टांगून काही भाग केला. त्याची आजी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होती. पुराचं गाणं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "राग कळला. पर पाणी कुणाच्या घरात शिरलं त्ये कळू दे की रं." त्यानं ध्रुवपद साध्या आवाजात पुन्हा गायलं. आता ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो, आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात.

मुंबईत हा रस्ता आधी तुडवला गेलाय, हे आमच्या पोरांनी विसरू नये म्हणून मी त्यांना जुन्या रेकॉर्ड ऐकवल्या. उदय बेनेगल, महेश तिनईकर यांचा रॉक मशीन हा बँड 1984 चा. परदेशी गाणी वाजवून नाव झालेलं असताना त्यांनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक एन रोल रेनेगेड' काढला. 1993 मध्ये नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. 1995 चा अल्बम, 1997 मध्ये बँड बंद, आणि पुढचा 'इव्हॉल्व्ह' थेट 2012 मध्ये. त्याचं मिक्सिंग पर्ल जॅमच्या 'टेन'वर काम केलेल्या टिम पामरनं केलं. साहिल मखिजानं 2000 मध्ये सुरू केलेल्या डेमोनिक रेझरेक्शननं 2017 मध्ये 'दशावतार' आणला, दहा अवतारांवर दहा गाणी. आपल्या गोष्टी या संगीतात मावतात, याचा याहून मोठा पुरावा नको. मात्र ते सगळं इंग्रजीत. हे मराठीत आहे, आणि मराठीतली जोडाक्षरं डबल पेडलवर किती चपखल बसतात हे मी रोज ऐकलंय.

मिक्सिंगबद्दल फार लिहीत नाही. एक भांडण मात्र झालं. पोरांना अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात मास्टर करून हवा होता. मी त्यांना मेटॅलिकाचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' ऐकवला. तो इतका दाबून मोठा केलाय की ड्रम चिरकतात, आणि खुद्द चाहत्यांनीच त्यावर तक्रारी केल्या. शिवाय आजची ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज स्वतःच एका पातळीवर आणतात. दाबलेलं गाणं तिथं मोठं वाटत नाही, नुसतं चपटं वाटतं. पोरांनी ऐकलं. थांबलेल्या जागा राहिल्या.

अल्बम शुक्रवारी येईल. 2015 च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम बहुतेक शुक्रवारीच येतात. प्रकाशनाचा कार्यक्रम करायला सभागृह मात्र अजून मिळालेलं नाही. हेवी रॉक म्हटलं की मोडतोड होईल असं लोकांना वाटतं. पोरं रात्री दहाच्या आत आवरतील, खुर्च्या स्वतः लावतील आणि स्वतः उचलतील. हे मी जबाबदारीनं लिहितो. साताऱ्यात किंवा सांगलीत कुणाच्या हातात एखादं सभागृह, कॉलेजचा हॉल, रिकामं गोडाऊन असेल तर एक संध्याकाळ या पोरांना द्या. आणि वाचकांना एक विनंती: हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसची जाड तार सुमारे 35 हर्ट्झवर वाजते, ती त्यातून बाहेरच पडत नाही. बरा हेडफोन घ्या, नाहीतर घरातला मोठा स्पीकर, आणि उगमापासून पुरापर्यंत क्रमानं ऐका.