माशाच्या पोटातले बिऱ्हाडकरू

मरळ साफ करायला घ्यावी, पोट उघडावं आणि आतड्यापाशी पांढरी दोरी वळवळताना दिसावी, की बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. अख्खा मासा उकिरड्यावर जातो आणि पुढच्या खेपेला टोपली घेऊन आलेल्या ढिवरणीला चार शब्द ऐकावे लागतात. "पोटातलं पोटातच रायते बाई, मास तं साफ आहे," असं ती सांगत असते. पण ऐकतो कोण? साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात तिची दिवसभराची कमाई अशा दोन-चार माशांवर अवलंबून असते. म्हणून तिचं म्हणणं कितपत खरं, हे गृहिणीनं एकदा समजून घ्यायला हवं. बहुतांशी ते खरंच आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी मंडळींनी धानासाठी तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले. आज सरकारी कागदांत त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. या पाण्यातला मासा एकटा कधीच नसतो. त्याचं शरीर म्हणजे भाडेकरूंनी भरलेली चाळच म्हणा ना! कल्ल्यांच्या पाकळ्यांना चिकटलेले बारीक कृमी तिथून हलत नाहीत. आतड्यात चपटे पट्टकृमी, तर त्याच आतड्याच्या भिंतीत काटेरी सोंड रुतवून बसलेले दुसरे. अंगावर खवल्यांमध्ये माशांची ऊ. शिवडा नावाच्या मोठ्या मिशाळ माशाच्या तर हवेच्या फुग्यातच एक जाडसर पर्णकृमी राहतो. प्रत्येकाची खोली ठरलेली.

आता हे बिऱ्हाडकरू येतात कुठून? कधीकधी माशाच्या मांसात किंवा कातडीखाली पिवळट दाणे सापडतात. तो दाणा म्हणजे एका पर्णकृमीचं बाळपण. त्याचे आईबाप बगळ्याच्या घशात राहतात! त्यांची अंडी पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथं एकाचे अनेक होतात, मग बाहेर पडून मासा गाठतात आणि तो मासा बगळ्यानं गिळला की घर पूर्ण. बगळा, गोगलगाय आणि मासा या तिघांतलं एक जरी नाहीसं झालं, तरी तलावातला हा कृमी संपला. म्हणजे दाणा दिसला तर तलाव घाण आहे असं समजू नये. उलट तिथं पक्षी आहेत, गोगलगाई आहेत, तलाव जिवंत आहे, असाच त्याचा अर्थ.

मरळ ही दुसऱ्या माशांना खाणारी. खाल्लेल्यांच्या पोटातलेही तिच्याकडे राहायला येतात, म्हणून मोठ्या मरळीत कृमी जास्त. शिवाय त्यांची वाटणी कधीच सारखी नसते. क्रॉफ्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1971 मध्ये हे गणितानं मांडलं: बहुतेक प्राण्यांत कृमी थोडे किंवा मुळीच नसतात आणि थोड्यांच्या अंगावर सगळा भार असतो. तेव्हा टोपलीतला एक मासा किडका निघाला म्हणून सगळी टोपली तशीच, असं नव्हे.

समुद्रातही हाच संसार, फक्त बगळ्याच्या जागी देवमासा किंवा सील. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅटली मॅस्टिक आणि चेल्सी वुड या दोघींनी एक मोठं घरगुती काम केलं. त्यांनी 1979 ते 2021 या काळातले सामन माशाचे 178 जुने डबे उघडले आणि चिमट्यांनी मांस सोडवून त्यातले कृमी मोजले. शिजून मेलेले, पण मोजता येण्याजोगे! चारपैकी दोन जातींच्या सामनमध्ये कृमी वर्षागणिक वाढलेले दिसले, बाकी दोघींत फरक नाही. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाढीचं एक संभाव्य कारण त्यांनी दिलं ते असं, की 1972 च्या कायद्यानं तिथं समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळालं, त्यांची संख्या सावरली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कृमीही. जुन्या डब्यांकडे अडगळ म्हणून न पाहणाऱ्या बायकांचं मला तरी कौतुक वाटतं.

आता आपल्या चुलीकडे वळू. माशाचे बहुतेक कृमी माणसाच्या पोटात जगतच नाहीत. जे थोडे जगतात किंवा त्रास देतात, ते कच्च्या, अर्धकच्च्या माशातून येतात. युरोप-अमेरिकेत ज्यू घरांतून गोड्या पाण्यातल्या माशाच्या खिम्याचे गोळे करतात. त्यात मीठ बरोबर आहे का, हे घरच्या बाया कच्चाच खिमा चाखून पाहत आणि लांबलचक पट्टकृमी नेमका त्यांनाच होई, बाकी घर सुखरूप! नेदरलँड्समध्ये कच्च्या हेरिंग माशातून पोटदुखीचे रोगी निघाले, तेव्हा 1968 मध्ये तो मासा आधी गोठवायचा कायदाच झाला.

आपल्याकडे रश्श्याला खळखळून उकळी येते, तिथं काळजीचं कारण नाही. तुकडा काट्यापर्यंत पांढरा होऊन काट्यापासून सुटला पाहिजे. हळद, मीठ, लिंबू चोळून ठेवलं की किडे मरतात, हा समज मात्र सोडून द्या. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावरही विसंबू नका. त्यासाठी उणे 20 अंश सेल्सियसखाली सात दिवस लागतात आणि घरच्या कप्प्यात तेवढी थंडी असेलच असं नाही. खरी जपायची वेळ म्हणजे पोरं तलावाच्या पाळीवर मासे पकडून निखाऱ्यावर भाजतात ती. बाहेरून काळा आणि आत कच्चा, असा मासा त्यांच्या हाती लागतो. त्यांना रागावण्यापेक्षा घरी आणायला सांगा आणि तव्यावर नीट भाजून द्या.

मासा आणला की पोट लगेच काढावं, कारण मासा मेल्यावर काही कृमी आतड्यातून मांसाकडे सरकतात. मांसात एखादा दाणा दिसला तर तेवढा भाग सुरीनं काढून टाकावा. फारच भरलेला असेल तर मात्र तो मासा खुशाल टाकून द्यावा. वास, निस्तेज डोळे, दाबल्यावर तसाच राहणारा खड्डा ही शिळेपणाची खूण. तिचा कृमींशी संबंध नाही, पण तेवढ्यासाठी ढिवरणीशी वाद घालायला हरकत नाही. पोटातली घाण कुत्र्या-मांजरांना कच्ची घालू नये, तलावातही फेकू नये. खड्ड्यात पुरली तर परसातल्या वांग्याला खत होतं.

रोहू-कतल्याचं बी सोडणाऱ्या संस्थांच्या तळ्यांत गर्दीमुळे माशांची ऊ फार माजते. मासे अंग घासू लागतात, रोडावतात. ही ऊ दगड, लाकूड अशा टणक वस्तूंवर अंडी घालते. म्हणून पाण्यात बांबूचे तुकडे किंवा फळ्या उभ्या रोवायच्या आणि दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायच्या, म्हणजे अंडी मरतात. एप्रिल-मेच्या भंडाऱ्यात उन्हाला तर तोटा नाहीच!