डोंगरमाथ्यावरील कॉफी

पाठीवर दोन दिवसांचें ओझें घेऊन डोंगर चढणाऱ्या मंडळींत कॉफीविषयीं दोन टोकांचीं मतें आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, घरच्या सुखसोयी घरींच ठेवून निघावें. गडावर कॉफी म्हणजे नसता थाट. दुसरा पक्ष पितळी फिल्टर, दळणी, तराजू अशीं नाना उपकरणें सॅकमध्यें कोंबतो आणि पहिल्याच खड्या चढणीवर त्यांस कंटाळतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. डोंगरावर उत्तम कॉफी खचित होऊं शकते. मात्र ती उपकरणांच्या बळावर होत नसून निघण्यापूर्वीं घरीं केलेल्या विचाराच्या बळावर होते.

ही चैन आहे काय?

ज्यास रोज ठराविक वेळीं कॉफी घेण्याची संवय आहे त्यानें ती एकाएकीं सोडली, तर बारा ते चोवीस तासांत त्याचें डोकें दुखूं लागतें, अंगांत सुस्ती भरते व स्वभाव चिडचिडा होतो. पहिले दोन दिवस हा त्रास विशेष जाणवतो. कॉफींतील कॅफीन हें द्रव्य मेंदूच्या रक्तवाहिन्या काहींशा आकुंचित ठेवीत असतें; तें बंद होतांच त्या फुगतात आणि ठणका सुरू होतो. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर एवढ्यानें फारसें बिघडत नाहीं. हिमालयांत मात्र गोष्ट निराळी. तेथें सुमारें अडीच हजार मीटरांच्या वर विरळ हवेमुळें जो विकार जडतो, त्याचें पहिलें लक्षणही डोकेदुखी हेंच असतें. एक डोकेदुखी संवयीची व दुसरी उंचीची; दोन्हींची गांठ पडली म्हणजे जाणत्या वाटाड्यासही उलगडा होत नाहीं. म्हणून रोज कॉफी घेणाऱ्यानें हिमालयाच्या वाटेवर ती अचानक सोडूं नये.

तथापि एक इशारा येथेंच दिला पाहिजे. उंचीवर डोकें दुखूं लागलें तर तें उंचीमुळेंच दुखत आहे असें धरून चालावें, वर चढणें थांबवावें आणि त्रास वाढूं लागल्यास विनाविलंब खालीं उतरावें. “आज कॉफी झाली नाहीं, म्हणून दुखतें आहे,” अशी मनाची समजूत घालून पुढें जाणें जिवावर बेतूं शकतें.

कॉफीनें शरीर कोरडें पडतें, ही समजूत सर्वत्र ऐकूं येते. नित्य घेणाऱ्यास दिवसाचे दोनतीन पेले बाधक ठरत नाहींत. परंतु कॉफी प्यालों म्हणून पाणी कमी पिऊन चालत नाहीं. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकीं निम्मा भाग पांच तासांनंतरही सामान्यतः शरीरांत असतो. उंचीवर झोंप आधींच पातळ; तेव्हां तेथें दुपारनंतर कॉफी न घेणें बरें.

सह्याद्रीचाच दाणा

चहा हें महाराष्ट्राच्या घरांतलें रोजचें पेय. कॉफी बहुधा पाहुण्यांसाठीं किंवा रात्रीच्या जागरणासाठीं. तरीही सह्याद्रीच्या वाटसरूस कॉफी परकी नाहीं. बाबा बुदन या सूफी यात्रेकरूनें सतराव्या शतकांत मक्केहून परततांना येमेनांतील मोखा बंदरांतून कॉफीच्या सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगरास आज त्याचेंच नांव आहे, आणि तो याच पर्वतरांगेचा दक्षिणेकडील भाग होय. भारतांतील कॉफीपैकीं सुमारें सत्तर टक्के आजही कर्नाटकांत होते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आपण जी कॉफी पितों, ती त्याच पर्वताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास आलेली असते.

घरची तयारी

या दाण्याच्या दोन मुख्य जाती बाजारांत मिळतात. अरेबिकाचा सुगंध नाजूक व कडवटपणा कमी; रोबस्टा अधिक कडू आणि कॅफीन जवळजवळ दुप्पट. बिनदुधाची कॉफी घेणारानें अरेबिका घ्यावी. तयार पुडींत चिकोरीचें मिश्रण आहे कीं काय, तें वेष्टणावर पाहावें. आपल्याकडील नियमानुसार अशा मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरी असूं शकतो. चिकोरी म्हणजे भाजलेलें मूळ. तिनें रंग व दाटपणा येतो, पण तिच्यांत कॅफीन नसतें. दुधाच्या कॉफीस थोडी चिकोरी शोभते. नुसत्या काळ्या कॉफींत ती जड वाटते.

दळलेल्या पुडीचा गंध हवेनें लवकर उडतो. एका रात्रीच्या मुक्कामासाठीं दळणी पाठीवर वाहण्याचें कारण नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं पूड दळून घ्यावी, किंवा दुकानांत फ्रेंच प्रेससाठीं म्हणून जाड दळून मागावी. पूड जाड रव्यासारखी असावी. पिठासारखी बारीक पूड भांड्यांत टाकली तर ती खालीं बसत नाहीं, घोटाघोटास तोंडांत येते आणि कॉफी कडू होते. चार माणसांस एका वेळीं पन्नास ग्रॅम पुरे. संध्याकाळ व सकाळ मिळून शंभर. प्रत्येक वेळेची पूड निराळ्या लहान पिशवींत हवा दाबून काढून बांधावी, म्हणजे गडावर अंधारांत मोजमाप करावें लागत नाहीं. चार-पांच दिवसांची वाट असेल तर मात्र दाणे आणि लहान हातदळणी नेणें सार्थकीं लागतें.

विरघळणाऱ्या तयार कॉफीस नांवें ठेवण्याची रीत आहे; आम्हांस ती मान्य नाहीं. १९३८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें नेसकॅफे निघाली आणि लौकरच दुसऱ्या महायुद्धांतील सैनिकांच्या शिध्यांत जाऊन बसली, ती वजन, वेळ व चोथा या तिन्हींची बचत करते म्हणूनच. पहांटे दोन वाजतां शिखराकडे निघणाऱ्यानें तीच घ्यावी. ज्यास निवांत सकाळ लाभली आहे, त्यानें खरी कॉफी करावी.

पाणी आणि विस्तव

गडावरील टांक्याचें पाणी थंड व गोड लागलें तरी तें स्वच्छ असेलच असें नाहीं. तें दुहेरी फडक्यांतून गाळून चांगलें खळखळूं द्यावें: दोन हजार मीटरांच्या खालीं एक मिनिट, त्यावर तीन मिनिटें. पाणी स्वच्छ भांड्यानें काढावें, आणि उष्टें भांडें टांक्यांत बुडवूं नये. उन्हाळ्यांत तेंच पाणी मागून येणाऱ्यांस आणि गुराख्यांस पुरवावयाचें असतें.

पाण्याच्या उकळीविषयीं एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. समुद्रसपाटीवर पाणी शंभर अंशांवर उकळतें. दर तीनशें मीटर चढल्यावर हा आंकडा सुमारें एक अंशानें उतरतो. कॉफीस उत्तम पाणी ९० ते ९६ अंशांचें. म्हणून मुंबईस उकळतें पाणी अर्धा मिनिट थांबवून ओतावें लागतें. परंतु १,६४६ मीटर उंच कळसूबाईवर तें ९४-९५ अंशांसच उकळतें, तें थेट ओतलें तरी चालतें. हिमालयांत चार हजार मीटरांवर उकळी सुमारें ८७ अंशांवर येते. तेथें कॉफी पचपचीत होते. त्यावर उपाय असा कीं, पूड थोडी अधिक बारीक घ्यावी, ती मंद जाळावर दोनतीन मिनिटें ठेवावी आणि मग भांडें लोकरी टोपींत गुंडाळून अधिक वेळ मुरूं द्यावें.

विस्तवाबाबत कसलीही हयगय नको. मार्गशीर्षापासून पुढें सह्याद्रीवरील गवत वाळून कोळ होतें. तीन दगडांच्या चुलींतून उडालेली एक ठिणगी वणवा पेटविण्यास पुरते. कळसूबाई व हरिश्चंद्रगड हा मुलूख अभयारण्यांत मोडतो. अशा ठिकाणीं विस्तवासंबंधींचे नियम वनखात्याकडे आधीं विचारून घ्यावे. लांकडापेक्षां लहान गॅसचा स्टोव्ह बरा. तो उघड्या कातळावर, वाऱ्यास आड करून ठेवावा. बंद तंबूंत तो केव्हांही पेटवूं नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस गंध नसतो, आणि त्यानें झोंपलेलीं माणसें दगावतात. गॅसची टाकी आगगाडींत किंवा विमानांत नेण्यास मनाई आहे. ती मुक्कामाच्या जवळच्या गांवीं मिळते कीं नाहीं, याची चौकशी आधीं करावी.

कृति

आतां प्रत्यक्ष कृति. चार जणांस नऊशें मिलिलिटर पाणी घ्यावें. पूड आपल्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून त्यांतील शंभर चोथ्यांतच राहतें व आठशें हातीं येतें. पाणी उकळल्यावर भांडें उतरवून पन्नास ग्रॅम पूड घालावी, एकदां नीट ढवळावें आणि झांकण ठेवून चार मिनिटें स्वस्थ बसावें. पूड पुन्हां उकळूं नये. मग वर आलेला थर चमच्यानें हलकेच मोडून त्यावर चमचाभर थंड पाणी शिंपडावें. आणखी एक-दोन मिनिटांत चोथा तळाशीं बसतो. भांडें न हलवितां वरची कॉफी हळूहळू पेल्यांत ओतावी व तळचा शेवटचा घोट सोडून द्यावा.

इतकेंही मुरलेलें नको असेल तर सुती फडकें पुरतें. तें घरीं साबणाशिवाय उकळून वाळवून न्यावें. साबणाचा वास कॉफींत हटकून उतरतो. पूड मात्र बारीक रव्याएवढी घ्यावी. १९३३ सालीं इटलींत अल्फॉन्सो बियालेटी यांनीं प्रचारांत आणलेलें मोका भांडें घरीं सुरेख कॉफी करतें, पण लहान स्टोव्हवर डळमळतें. नवीं साधनें पाहिजेच असतील तर अमेरिकेंत २००५ सालीं निघालेली एरोप्रेस ही प्लॅस्टिकची नळी हलकी असून धुण्यास सोपी आहे. पण ती एका वेळीं एकाचीच सोय पाहते, आणि डोंगरावर कॉफी एकट्यानें पिण्याची वस्तु नव्हे.

आपल्या घरची कॉफी जायफळाची. तिला दूध हवें. पायथ्याच्या गांवांत दूध मिळाल्यास पैसे देऊन घ्यावें व त्याच दिवशीं तापवून वापरावें. अन्यथा दुधाची पूड बरी. अख्खें जायफळ खिशांत टाकलें तर त्याचें ओझें होत नाहीं. पेला भरल्यावर चाकूनें दोन-चार वेळां खरवडलें कीं पुरे. एका दिवसाच्या चढाईस कॉफी थर्मासमधून न्यावी, पण दूध तिच्यांत आधीं मिसळूं नये. कोमट होत जाणारें दूध फार तास टिकत नाहीं.

मागें कांहीं उरूं नये

चोथा ही मातींत मिसळणारी वस्तु, म्हणून तो कड्यावरून भिरकावून देणारे पुष्कळ भेटतात. गुहेच्या तोंडाशीं तो ढिगानें साठला म्हणजे कुजतो, माशा येतात आणि पुढील वाटसरूस तेथें बसवत नाहीं. तो फडक्यांत पिळून पिशवींत भरावा व घरीं आणून कुंडींतल्या झाडांस घालावा. पन्नास ग्रॅम पुडीचा पिळलेला चोथा मूठ-दोन मूठच होतो. भांडें टांक्यापासून दूर, ओंजळभर पाण्यानें विसळावें.

यंदाच्या हिवाळ्यांत जीं कुटुंबें मुलांसह गडावर मुक्काम करणार असतील, त्यांनीं ही कृति तेथें करून पाहावी. पण त्याआधीं एका रविवारीं घराच्या गच्चीवर, त्याच स्टोव्हवर आणि त्याच मापानें ती एकदां अवश्य करावी. पूड जाड पडली कीं बारीक, पाणी कमी झालें कीं अधिक, हें तेथेंच कळेल. चोथा पिळण्याचें काम मुलांकडे द्यावें. गडावर गेल्यावर तें त्यांस सांगावें लागणार नाहीं.