‘बोर्ड गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

घरातील टीव्ही, वॉशिंग मशीन किंवा सेट-टॉप बॉक्स बंद पडला की ‘बोर्ड गेला, आता बदलावाच लागेल’ हे निदान पुष्कळदा वस्तूचे झाकण उघडण्याआधीच ऐकवले जाते आणि नव्या बोर्डाची किंमत वस्तूच्या निम्म्या किमतीपर्यंत जात असेल, तर त्यापाठोपाठ ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ हा सल्लाही येतो. हे निदान इतके अंगवळणी पडले आहे की कमी पैशांत दुरुस्ती शिकू पाहणारी व्यक्तीही ‘हल्लीच्या वस्तू दुरुस्तच होत नाहीत’ असे गृहीत धरून पहिल्याच पायरीवर थांबते. वास्तविक ‘बोर्ड गेला’ हे निदानच नव्हे. ते निदान टाळल्याचे लक्षण आहे.

बोर्ड म्हणजे एकसंध वस्तू नसून त्यावर शे-दोनशे किंवा त्याहून अधिक सुटे भाग सोल्डरने जोडलेले असतात आणि ते सर्व एकाच वेळी निकामी होणे हा अपवाद असतो. जे भाग उष्णता, मोठा विद्युतप्रवाह किंवा दाबातील चढउतार सोसतात तेच आधी जातात आणि असे बहुतेक भाग बोर्डाच्या एकाच कोपऱ्यात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, एकवटलेले असतात. भिंतीतून येणाऱ्या 230 व्होल्ट एसी दाबाचे तेथे प्रथम डीसीमध्ये रूपांतर होते, त्याचे शिखरमूल्य सुमारे 325 व्होल्ट असते आणि मग अतिवेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर व छोटा ट्रान्सफॉर्मर यांच्या साहाय्याने 5, 12 किंवा 24 व्होल्टचा दाब तयार केला जातो. या वाटेवरचे फ्यूज, दाब अचानक वाढल्यास स्वतः जळून पुढील भागांना वाचवणारा व्हॅरिस्टर, ब्रिज रेक्टिफायर आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हे भाग कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटे मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्यांच्यासाठी मोजावी लागणारी रक्कम नव्या बोर्डाच्या तुलनेत नगण्य असते.

यांतील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण त्याच्या आत द्रवरूप रसायन असते आणि ते उष्णतेने हळूहळू आटत जाते. कॅपॅसिटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकांतच त्याचे आयुष्य तासांत दिलेले असते आणि तापमान दर 10 अंशांनी कमी झाल्यास ते ढोबळमानाने दुप्पट होते, असा नियमही सांगितलेला असतो. या नियमाने हिशेब केल्यास 105 अंश सेल्सिअसला 2000 तास टिकणारा कॅपॅसिटर 65 अंशांना सुमारे 32,000 तास टिकेल. मात्र अहोरात्र चालू राहणाऱ्या राउटरच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये हे तास पावणेचार वर्षांच्या आतच संपतात. म्हणजे ज्याला ‘बोर्ड जाणे’ म्हटले जाते ते अनेकदा एका सुट्या भागाचे अपेक्षित वेळी आलेले मरण असते. वरचा भाग फुगलेला दिसला तर शंका राहत नाही; पण फुगलेला नाही म्हणून तो चांगला आहे असेही नव्हे, कारण वरून सपाट दिसणाऱ्या कॅपॅसिटरचाही अंतर्गत रोध वाढलेला असू शकतो.

टीव्हीच्या बाबतीत तर चुकीचे निदान आणखी महाग पडते. आवाज येतो, चित्र मात्र दिसत नाही, अशा संचाचा ‘पॅनेल गेला’ असे सांगून तो भंगारात काढायला लावले जाते. वस्तुतः अंधाऱ्या खोलीत संच चालू करून पडद्यावर अगदी जवळून तिरका टॉर्च धरला आणि त्या उजेडात चित्राच्या अंधूक हालचाली दिसल्या, तर पॅनेल चित्र तयार करत आहे आणि बिघाड त्यामागच्या प्रकाशयोजनेत, म्हणजे एलईडीच्या पट्ट्यांत किंवा त्यांना वीज पुरवणाऱ्या भागात आहे, हे एका पैशाच्याही खर्चाशिवाय कळते. पट्टीवरील एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे त्यांतील एक तुटला तरी पूर्ण साखळी विझते. पट्टी बदलताना पातळ पॅनेल सुटा करावा लागतो व तो तडकण्याचा धोका खरा असतो, म्हणून हे काम नवशिक्याने अंगावर घेऊ नये. परंतु टॉर्चची चाचणी कोणालाही करता येते आणि सेवाकेंद्रात काय विचारायचे हे तरी त्यामुळे समजते.

मग बोर्ड बदलण्याचा आग्रह का, याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून हिशेबात आहे: कारागिराने तासभर खपून एक स्वस्त भाग शोधण्यापेक्षा दहा मिनिटांत पूर्ण बोर्ड बदलणे सेवाकेंद्राला परवडते. या प्रवृत्तीची दखल सरकारलाही घ्यावी लागली असून केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. अर्थात प्रत्येक बोर्ड दुरुस्त होतो, हा दावाही तितकाच खोटा आहे. अनेक वॉशिंग मशीनचे बोर्ड ओलाव्यापासून बचावासाठी रबरासारख्या लेपात बुडवलेले असतात, काही चिपांत कंपनीचा प्रोग्रॅम भरलेला असतो, तर काही चिपांचे जोड त्यांच्या पोटाखाली असल्यामुळे साध्या सोल्डरिंग आयर्नने तेथे पोहोचताच येत नाही. अशा वेळी बोर्ड बदलणे हाच योग्य निर्णय ठरतो, पण तो तपासणीनंतरचा असावा.

महागडी उपकरणे असल्याशिवाय ही तपासणी होत नाही, हा दुसरा मोठा गैरसमज आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर, 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि घरी तयार करता येणारा सिरीज बोर्ड एवढ्यावर सुरुवातीचे बरेचसे काम भागते. सिरीज बोर्ड म्हणजे तपासायच्या वस्तूच्या आणि विजेच्या वाटेत 60 किंवा 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडणे होय. एलईडी बल्ब येथे चालत नाही. 100 वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाह जाऊ देत असल्यामुळे वस्तूत शॉर्ट असेल तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब पूर्ण पेटून राहतो, आणि पॉवर सप्लाय ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. स्वस्त मीटर घरगुती मोजमापांना पुरेसा असतो. मात्र त्याचा 10 अँपिअरचा सॉकेट बहुधा फ्यूजविना असतो आणि वायर त्यातच विसरून 230 व्होल्ट मोजायला गेल्यास मीटर स्वतःच शॉर्ट घडवतो.

उरलेल्या समजुती थोडक्यात निकालात निघतात. पंखा हळू झाला म्हणजे वाइंडिंग जळाले असे नव्हे; पुष्कळदा 2.5 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे बाजारातला ‘कंडेन्सर’, कमजोर झालेला असतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे ही दुरुस्ती नव्हे, आगीला आमंत्रण आहे. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवल्याने बरा होत नाही. अ‍ॅपलने आपल्या ग्राहकांना तसे करू नये असेच सांगितले आहे, कारण तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, तो वायरिंगला अतिप्रवाहापासून वाचवतो.

यांहून घातक समजूत एकच: प्लग काढला की धोका संपला. पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर भारित राहू शकतो. त्याच्या दोन टोकांना स्पर्श झाल्यास गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबीही उपयोगी पडत नाही, कारण तो प्रवाह घराच्या वायरिंगमधून वाहतच नसतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कॅपॅसिटर रिकामा करण्याची प्रथा चुकीची असून 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद टोकांना लावावा, तो इन्सुलेटेड पकडीने धरावा आणि नंतर मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हजारो व्होल्टचा दाब वापरला जातो आणि त्यातील कॅपॅसिटरचा धक्का प्राणघातक ठरू शकतो, त्यामुळे शिकाऊ व्यक्तीने तो कोणत्याही कारणाने उघडू नये.

सुरुवात भंगारवाल्याकडच्या निकामी बोर्डांवरून भाग काढून पुन्हा बसवण्याने आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंपासून करावी. 230 व्होल्टच्या वस्तूंकडे हात वळल्यावर जावे, तेही घरात दुसरी जाणती व्यक्ती जवळ असतानाच.